एंडोमेट्रिऑसिस आणि न रुजलेले दोन गर्भ : आजार पिशवीबाहेर, मग आतल्या अस्तराचं काय बिघडतं?

सोनटक्का

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल.

वय ३४, मुलुंडला राहते. पंधराव्या वर्षापासून पाळीत असं दुखायचं की शाळेतून घरी पाठवायचे. आई, मावशी, डॉक्टर सगळे एकच सांगायचे, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, थांबलं नाही. एकतिसाव्या वर्षी सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीवर चार सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसली आणि एंडोमेट्रिऑसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं ऊतक पिशवीबाहेर वाढणं) हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. म्हणजे सोळा वर्षं दुखतंय आणि नाव आत्ता कळलं.

गेल्या वर्षी आयव्हीएफ केलं. चार ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढवलेले गर्भ) फ्रीझ झाले. दोन वेळा एकेकाचं ट्रान्सफर झालं. दोन्ही वेळा सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "लायनिंग फार सुंदर आहे, ९.२, ट्रिपल लाइन." भ्रूणही ए ग्रेडचे. दोन्ही वेळा बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्तचाचणी) निगेटिव्ह.

दुसऱ्यांदा निगेटिव्ह आल्यावर डॉक्टर म्हणाले, "एंडोमेट्रिऑसिसमुळे तुमची पिशवी गर्भ स्वीकारत नसावी." हे वाक्य ऐकल्यापासून मी नीट झोपलेली नाही. आता तिसऱ्या ट्रान्सफरआधी त्यांनी सुचवलंय : ल्यूप्रोलाइडची (इस्ट्रोजेन बंद पाडणारं औषध) तीन महिने तीन इंजेक्शनं, अस्तराची ईआरए चाचणी (ट्रान्सफरची वेळ ठरवायला), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा द्रव अस्तरात सोडणं), आणि "हवं असल्यास" एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग (अस्तर हलकं खरवडणं). सगळं मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून नवरा गप्प बसला.

माझा प्रश्न साधा आहे. हा आजार पिशवीच्या बाहेर असतो ना? ओव्हरीवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यांवर. मग आतलं अस्तर कसं बिघडतं? आणि ९.२ मिलिमीटर "सुंदर" होतं, तर न रुजायला काय झालं? कुणाला माहिती असेल तर समजेल अशा भाषेत सांगा. नेटवर वाचून डोकं भणाणलंय.

पांढरा_चाफा

सोनटक्का, तुला घट्ट मिठी. मला यातली माहिती नाही, पण परळ_नाका आणि कोरांटीताई नक्की लिहितील. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद देतेय.

परळ_नाका

लिहिते. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, अकरा वर्षं लॅबमध्ये काम करतेय. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं कोरांटीताईंवर सोडते. अस्तराचं मात्र सांगू शकते.

आधी जाडीचं. माझे बाबा शेतकरी. पावसानंतर ते रानात जाऊन मूठभर माती उचलून दाबून बघायचे. वाफसा आला असेल तरच पेरणी. मातीचा थर फूटभर असला तरी वाफसा नसेल तर बी कुजतं नाहीतर वाळतं. सोनोग्राफीत दिसते ती थराची जाडी. सात मिलिमीटरच्या खाली असेल तर आम्ही काळजी करतो, ९.२ चांगलीच आहे. पण वाफसा सोनोग्राफीत दिसत नाही.

हा वाफसा येतो प्रोजेस्टेरॉनमुळे. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं. बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढ थांबवतं आणि त्या अस्तराचं रूपच पालटतं. ग्रंथी पोषक स्राव सोडायला लागतात, ग्रंथींच्या मधल्या जागेतल्या पेशी फुगून गोलसर होतात, पेशींच्या पृष्ठभागावर गर्भाला धरून ठेवणारे रेणू येतात. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंतच हे दार उघडं असतं. फ्रोझन ट्रान्सफरमध्ये आम्ही प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस मोजून ब्लास्टोसिस्ट सोडतो ते यासाठीच.

एंडोमेट्रिऑसिस असलेल्या अनेक बायकांच्या अस्तरात इथेच अडतं. रक्तात प्रोजेस्टेरॉन पुरेसं असतं, पण अस्तर त्याला दाद देत नाही. त्याचा निरोप वाचणारे रिसेप्टर, विशेषतः बी नावाचा प्रकार, कमी झालेले सापडतात. मग साखळीच ढिली पडते. हॉक्स-ए-१० नावाचं एक जनुक आहे, ते एरवी याच दिवसांत जोरात चालू होतं. या आजारात अनेकींमध्ये ते वाढतच नाही, असं १९९०च्या दशकाअखेर दिसून आलं. अल्फा-व्ही-बीटा-३ हा इंटिग्रिन, म्हणजे गर्भाला चिकटायला मदत करणारा रेणू, तोही काही जणींत कमी असतो. शिवाय तिथे सूज आणि इस्ट्रोजेनचा प्रभाव रेंगाळत राहतो. थर दिसायला जाड, पण आतून अजून पहिल्या अर्ध्या भागातच अडकलेला. ९.२ सुंदर होतं आणि तरीही न रुजणं शक्य आहे ते असं.

आता तुझा मूळ प्रश्न, बाहेरचा आजार आत कसा येतो. तू विचारलंस तेच संशोधकांनीही विचारलं. पाळीचं थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जाणं हे बहुतेक सगळ्या बायकांमध्ये घडतं. सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं की त्यातल्याच पेशी पोटात रुजून हा आजार होतो. मग प्रश्न असा, की सगळ्यांच्या पोटात रक्त जातं तर आजार काहींनाच का? एक शक्यता अशी की त्यांच्या अस्तरात मुळातच वेगळेपणा असतो आणि म्हणून त्या पेशी बाहेर जाऊन तग धरतात. दुसरी शक्यता, बाहेरचे ठिपके (पोटात रुजलेले आजाराचे डाग) सूज पसरवून आतलं अस्तर बदलतात. दुसऱ्या शक्यतेला मोठा आधार बबून माकडांवरच्या प्रयोगांनी दिला. धडधाकट माद्यांच्या पोटात त्यांच्याच पाळीचं अस्तर सोडलं, आजार तयार झाला, आणि पुढच्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात हॉक्स-ए-१० घसरलेलं दिसलं. म्हणजे बाहेरून आत परिणाम होतो. बहुधा दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बाहेरचे ठिपके स्वतःचं इस्ट्रोजेनही तयार करतात. त्यांच्यात अ‍ॅरोमटेज हे एन्झाइम असतं, जे निरोगी अस्तरात जवळजवळ नसतंच. इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टाग्लँडिन (सूज आणि कळा वाढवणारं रसायन) वाढतं, प्रोस्टाग्लँडिनमुळे अ‍ॅरोमटेज वाढतं, त्यातून आणखी इस्ट्रोजेन. तुझं पंधराव्या वर्षापासूनचं दुखणं याच प्रोस्टाग्लँडिनचं.

सोनटक्का

परळ_नाका, दोनदा वाचलं. वाफशाचं लगेच समजलं, आजोबा हाच शब्द वापरायचे.

पण वाचून रडू आलं. म्हणजे दोष माझ्या पिशवीचाच. दोन चांगले गर्भ मी घालवले.

कोरांटी

नाही गं. थांब जरा.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झाले. परळ_नाकाने लिहिलं ते बरोबर आहे, पण ती गोष्टीची एक बाजू आहे. दुसरी बाजू ऐक आणि मग रडायचं की नाही ते ठरव.

अस्तर दोषी की बीज, हे वेगळं करायचं कसं? निसर्गानेच नाही, पण आयव्हीएफने एक वाट दिली. दुसऱ्या बाईचं बीज घेऊन केलेली ट्रान्सफर. १९९४ मध्ये स्पेनमधल्या वलेन्सियाच्या गटाने अशा बायकांची आकडेवारी पाहिली. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बाईच्या पिशवीत निरोगी दात्रीच्या बीजाचा गर्भ ठेवला, तर तो इतरांइतकाच रुजत होता. उलट, बीज एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बाईचं असेल तर रुजण्याचं प्रमाण कमी. पुढे २००० साली त्याच मंडळींनी आणखी काटेकोर तुलना केली. एकाच दात्रीची बीजं दोघींत वाटली, एकीला तीव्र एंडोमेट्रिऑसिस, दुसरीला काहीच नाही. रुजण्यात फरक दिसला नाही. याच्या उलट निष्कर्ष काढणारे अभ्यासही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण एकूण तोल पाहिला तर पिशवी गर्भ "नाकारते" असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा कुणाकडेही नाही.

हेही लक्षात घे की दुसरीचं बीज घेणाऱ्या बायकांना बाहेरून भरपूर प्रोजेस्टेरॉन दिलेलं असतं. दाद न देणाऱ्या अस्तराला कदाचित मोठ्या आवाजात हाक मारली की ते ऐकतं. हा माझा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घे.

आणि "ए ग्रेड" म्हणजे काय, ते परळ_नाका सांगेल.

परळ_नाका

ए ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसायला छान. आत गुणसूत्रं बरोबर आहेत की नाहीत हे दिसत नाही. पस्तिशीच्या आसपास दर तीन ब्लास्टोसिस्टमागे एकात गुणसूत्रांची गडबड असते, चाळिशीला अर्ध्याहून जास्त. तुझ्या वयाला दहात तीन धरू.

सोनटक्का, तुझ्यासाठी एक ढोबळ हिशोब करते. दहापैकी सात गर्भ गुणसूत्रांनी नीट. नीट असलेल्यांतूनही ट्रान्सफरनंतर साधारण साठ टक्केच बाळापर्यंत जातात, आणि तेही चांगल्या केंद्रांत, कुठलाही आजार नसताना. सात गुणिले साठ टक्के म्हणजे शंभरात बेचाळीस. अठ्ठावन्न जणींना पहिल्यांदा अपयश. दोनदा लागोपाठ अपयश शंभरात तेहेतीस-चौतीस जणींना. म्हणजे तुझ्या वयाच्या, एंडोमेट्रिऑसिस नसलेल्या दर तीन बायकांत एकीच्या बाबतीत दोन ट्रान्सफर अशीच जातील. केवळ दोन निगेटिव्हवरून पिशवीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. तू काहीही "घालवलं" नाहीस.

आजारी बायकांच्या गर्भात गुणसूत्रांची गडबड जास्त असते का, हेही तपासलं गेलंय. समवयस्क बायकांच्या तुलनेत जास्त आढळली नाही. फटका बसतो तो बहुधा बीजांच्या संख्येला आणि बीजाच्या आतल्या ऊर्जेला. सिस्टशेजारच्या द्रवात लोह आणि ऑक्सिडेशनचा ताण जास्त असतो. लॅबमध्ये आम्हाला ते कमी बीजं मिळण्यातून दिसतं. तुला चार ब्लास्टोसिस्ट मिळाले, हे खरंच चांगलं आहे.

सव्वाआठची_लोकल

मी बदलापूरची, रोज दादरला नोकरीला. सिस्टवरून माझा अनुभव सांगते, कारण कुणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मला दोन्ही बाजूंना चॉकलेट सिस्ट होत्या. एका ठिकाणी सांगितलं, आधी दुर्बिणीतून सिस्ट काढू, मग आयव्हीएफ. ऑपरेशनआधी एएमएच (ओव्हरीतला बीजांचा साठा सांगणारी रक्तचाचणी) २.८ होतं, नंतर ०.९. सिस्टची भिंत सोलताना तिला चिकटलेली चांगली ओव्हरीही जाते हे मला नंतर समजलं. वर्षभराने एक सिस्ट परत आली. तेव्हा पुन्हा ऑपरेशन सुचवलं गेलं, मी नाही म्हटलं. दुसरीकडे सरळ बीजं काढली, पाचच मिळाली. त्यातून एक मुलगी झाली, आता अडीच वर्षांची आहे.

सोनटक्का, तुझी सिस्ट काढा म्हणून कुणी मागे लागलं तर आधी एएमएच विचार.

कोरांटी

सव्वाआठची_लोकलने अगदी महत्त्वाचं लिहिलं. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. आयव्हीएफचा निकाल सुधारावा एवढ्याच कारणासाठी सिस्ट सरसकट काढू नये. दुखणं असह्य असेल, किंवा सिस्टमुळे सुई बीजांपर्यंत पोचत नसेल, तर गोष्ट वेगळी.

मात्र ज्या बायका अजून आयव्हीएफपर्यंत गेलेल्या नाहीत आणि ज्यांचा आजार सौम्य आहे, त्यांना दुर्बिणीतून ठिपके जाळून किंवा काढून फायदा होऊ शकतो. १९९७ मध्ये कॅनडात ३४१ बायकांवर चाचणी झाली. ठिपके काढलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना छत्तीस आठवड्यांत गर्भ राहून वीस आठवड्यांपुढे टिकला, नुसतं बघून दुर्बीण बाहेर काढलेल्यांत १७.७ टक्के. वाचणाऱ्या इतर मुलींसाठी लिहितेय, ऑपरेशनच वाईट असा समज नको.

आता सोनटक्काच्या यादीवर येते.

स्क्रॅचिंग : सोडून दे. २०१९ मध्ये १३६४ बायकांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. स्क्रॅच केलेल्यांत आणि न केलेल्यांत बाळ होण्याचं प्रमाण सारखंच, २६.१ टक्के. दुखतं मात्र नक्की.

ईआरए : अस्तराचा तुकडा काढून जनुकांवरून "तुमचं दार कधी उघडतं" सांगणारी चाचणी. कल्पना फार सुरेख, मलाही पटली होती. पण २०२२ मध्ये ७६७ बायकांवर नीट तपासली गेली, गुणसूत्रं तपासलेले गर्भ वापरून. चाचणीने सांगितलेल्या वेळेला ट्रान्सफर केलेल्यांत ५८.५ टक्के बाळं, नेहमीच्या वेळेला केलेल्यांत ६१.९. फायदा नाही. वर एक महिना आणि पैसे जातात.

पीआरपी : अस्तर वाढतच नसेल तर काही डॉक्टर वापरतात, पुरावा कमकुवत. तुझं ९.२ आहे. तुला कशासाठी?

ल्यूप्रोलाइड : इथे मी जरा थांबते. तीन महिने इस्ट्रोजेन बंद पाडून सूज शांत करायची, म्हणजे अस्तर पुन्हा प्रोजेस्टेरॉनचं ऐकेल, हा विचार शास्त्राला धरून आहे. २००६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) यामुळे गर्भ राहण्याची शक्यता चौपट होते असं आलं आणि जगभर सगळ्यांनी ते उचललं, मीही. पण त्यामागे तीन छोट्या चाचण्या आणि १६५ बायका होत्या. २०१९ मध्ये आठ चाचण्या आणि ६४० बायका घेऊन आढावा पुन्हा झाला, तेव्हा फायदा आहे की नाही हेच सांगता येईना. २०२२ च्या तत्त्वांत म्हणून त्याची सरसकट शिफारस नाही. तुझ्या बाबतीत गर्भ आधीच फ्रीझ आहेत, वय थांबलेलं आहे, त्यामुळे तीन महिने गेले तरी बीजांचं नुकसान नाही. गरम वाफा, झोप उडणं, चिडचिड हे होईल. डॉक्टरांना विचार, माझ्या सोनोग्राफीत अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तरासारखं ऊतक पिशवीच्या स्नायूत घुसणं) आहे का? उत्तर "हो" असेल तर इंजेक्शनांचा विचार करण्यात जास्त अर्थ आहे.

एक गोष्ट मला इथे लिहायची आहे. मी ओपीडीत पंचवीस वर्षांहून जास्त बसले. "लग्न झालं की थांबेल" हे वाक्य मीही किती मुलींना म्हटलंय. शंभर-सव्वाशे पेशंटांच्या रांगेत ते तोंडातून सहज निघायचं. ते चुकीचं होतं. त्या मुली आता चाळिशीत असतील. सोनटक्का, तुझी माझी गाठ कधी पडली असेल-नसेल, पण त्या वाक्याबद्दल मी तुझी माफी मागते.

सोनटक्का

कोरांटीताई, काय लिहू. आईला वाचून दाखवलं. तीही रडली.

भरती_ओहोटी

अ‍ॅडिनोमायोसिसचं नाव निघालं म्हणून लिहिते. मला तेच होतं, एंडोमेट्रिऑसिसच्या जोडीने. पाच वर्षं सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये नुसतं "बल्की युटेरस" लिहून यायचं आणि कुणी त्यावर बोलायचं नाही. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसलं. अस्तरासारखं ऊतक पिशवीच्या स्नायूतच घुसलेलं, मागची भिंत जाड. तीन फ्रोझन ट्रान्सफर गेली, एकात सहाव्या आठवड्याला गर्भपात. मग तीन महिने इंजेक्शनं घेऊन चौथं ट्रान्सफर केलं, ते राहिलं. मुलगा सात महिन्यांचा आहे. इंजेक्शनांमुळेच राहिलं असं मी म्हणणार नाही, चौथा गर्भच चांगला असेल.

अ‍ॅडिनोमायोसिसमध्ये अस्तर आणि स्नायू यांच्यामधला थर बिघडतो, आणि पिशवीचं आकुंचन-प्रसरण एरवीच्या तालात होत नाही, असं मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. गर्भ टेकायच्या वेळी पिशवी शांत हवी असते.

समईवात

माझी गोष्ट वेगळी, पण अस्तराशीच संबंधित. लालबागला माहेर. दोन ट्रान्सफर गेल्यावर अस्तराचा तुकडा टीबीच्या पीसीआरला (जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला) पाठवला, पॉझिटिव्ह आला आणि सहा महिने एकेटी (टीबीची औषधं) सुरू. गोळ्यांनी लिव्हर बिघडलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी जुन्या स्लाइड पाहिल्या, टीबीची काहीही खूण नव्हती. मला मुळात एंडोमेट्रिऑसिसच होता. सहा महिने आणि तब्येत दोन्ही गेलं.

कोरांटी

मुंबईत हे वारंवार घडतं, म्हणून लिहिते. आपल्याकडे पिशवीचा टीबी खरोखरच असतो. तो अस्तर आणि नळ्या कायमच्या खराब करतो, त्यामुळे डॉक्टरांचा संशय रास्त आहे. पण फक्त पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे टीबी नाही. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके), कल्चर (जंतू वाढवून बघणं), जीनएक्सपर्ट (टीबीची जलद जनुकीय चाचणी), किंवा दुर्बिणीतून दिसलेल्या खुणा, यांपैकी कशाची तरी जोड हवी.

अस्तराचा तुकडा काढणारच असाल तर आणखी एक गोष्ट बघून घ्यावी, जुनाट एंडोमेट्रायटिस. नाव सारखं वाटतं, आजार वेगळा. अस्तरातली रेंगाळलेली सूज. एंडोमेट्रिऑसिस असलेल्यांत ती जास्त वेळा सापडते. सीडी-१३८ नावाचा रंग वापरून प्लाझ्मा पेशी मोजतात. सापडली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या अँटिबायोटिकचा कोर्स असतो. ईआरएपेक्षा मला ही तपासणी जास्त उपयोगाची वाटते आणि खर्च त्या मानाने फारच कमी.

जास्वंद७७

सोनटक्का, माझ्या जावेने एरंडेल तेलाच्या पट्ट्या पोटावर ठेवल्या, रोज अननस खाल्ला आणि ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावरून उतरली नाही. तिला राहिलं. आणि एकदा मूल झालं की हा आजार जातो म्हणे.

परळ_नाका

जास्वंद, तुमच्या जावेला बाळ झालं याचा खरंच आनंद आहे. पण पंधरा दिवस झोपून राहण्याने रुजण्यात काही फरक पडत नाही, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. गर्भ काही चालल्याने खाली पडत नाही, अस्तराच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. आमच्याकडून बायका ट्रान्सफर झाल्यावर टॅक्सीने, बसने घरी जातात.

मूल झाल्यावर आजार जातो हेही खरं नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी नसल्यामुळे अनेकींना आराम पडतो. नंतर परत येऊ शकतो. हे समजून नवीन लग्न झालेल्या मुलींवर "लवकर मूल करून टाका" म्हणून दबाव येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वडाळा_डेपो

मी नवरा या बाजूने लिहितोय. बायकोचं चौथं वर्ष चालू आहे. रात्री नऊचं प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन मीच देतो, तेलातलं असतं, आधी तळहातात बाटली धरून कोमट करायची, मग हळू सोडायचं. नंतर गरम पाण्याची पिशवी. त्याने गाठी कमी येतात.

सोनटक्का, तुमचे मिस्टर आकडा ऐकून गप्प बसले असं लिहिलंय. मीही बसलो होतो. मला पैशांची चिंता होती, आणि बायकोला वाटलं मी तिला दोष देतोय. बोलून घ्या.

एक प्रश्न : बायकोला डायनोजेस्ट (दुखण्यासाठीची हार्मोनची गोळी) २ मिलिग्रॅम सहा महिने दिली होती. दुखणं थांबलं. त्याने अस्तर सुधारून नंतर फायदा होतो का?

कोरांटी

वडाळा_डेपो, डायनोजेस्ट दुखण्यासाठी उत्तम. पण ती घेत असताना बीज फुटत नाही, म्हणजे तेवढा काळ गर्भ राहायचा नाही. थांबवल्यावर आपोआप दिवस जाण्याची शक्यता वाढते, असं दिसलेलं नाही. दुखण्यासाठी घ्यायची असेल तर जरूर. मूल हवंय म्हणून घेत असाल तर वेळ जातो. बायकोचं वय काय?

वडाळा_डेपो

३७.

कोरांटी

मग या आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

परळ_नाका

थोडं अवांतर. मी जिथून रोज चालत जाते तिथेच, परळच्या केईएममध्ये, ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून आयव्हीएफचं गाजलेलं बाळ, हर्षा, जन्माला आलं. प्रयोगशाळेचं काम परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेत झालं होतं. तेव्हा गर्भ फ्रीझ करणं, ब्लास्टोसिस्टपर्यंत वाढवणं, यातलं काही इथे रोजचं नव्हतं. आज गर्भ पाच दिवस डोळ्यांसमोर वाढताना दिसतो. पिशवीत सोडल्यावर पुढच्या दोन-तीन दिवसांत काय होतं ते मात्र अजूनही कुणालाच बघता येत नाही. तो बाहेरचं कवच फोडतो, अस्तराला टेकतो, आत शिरतो. सगळं अंधारात. मी रोज ट्रान्सफरची कॅथेटर (गर्भ पिशवीत सोडायची बारीक नळी) भरते आणि रोज मनात येतं, आता माझ्या हातात काही नाही.

ज्यांना गर्भाची गुणसूत्रं तपासून घ्यायची आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा : मुलगा की मुलगी हे आपल्या कायद्याने सांगता येत नाही, विचारूही नका. आणि सहाय्यित प्रजननाच्या २०२१ च्या कायद्यानुसार केंद्र नोंदणीकृत हवं, नोंदणी क्रमांक मागून घ्या.

सोनटक्का

सगळ्यांची उत्तरं वहीत उतरवून काल डॉक्टरांकडे गेले. नवराही आला. (वडाळा_डेपो, बोललो आम्ही. तो गप्प होता कारण त्याने मनात गावच्या जमिनीचा तुकडा विकायचा विचार सुरू केला होता. मला पत्ताच नव्हता.)

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, ईआरएने माझ्या बाबतीत नेमका काय फायदा होईल? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आग्रह नाही." पीआरपी आणि स्क्रॅचिंग त्यांनी स्वतःच खोडलं. मग जुन्या सोनोग्राफी परत काढून बघितल्या. मागच्या भिंतीत थोडा संशय वाटला, म्हणून एमआरआय सांगितला. तो झाला. अ‍ॅडिनोमायोसिस आहे, सौम्य. "हे आधी बघायला हवं होतं," असं ते स्वतःहून म्हणाले, याचं मला बरं वाटलं.

त्यामुळे ल्यूप्रोलाइड घ्यायचं ठरलंय, ३.७५ मिलिग्रॅम दर महिन्याला. पहिलं सोमवारी. त्याआधी उद्या हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने पिशवी आतून बघणं) आणि बायोप्सी. सीडी-१३८ लिहून घेतलंय. टीबीसाठी फक्त पीसीआर नको, कल्चरही, हे समईवातमुळे सांगता आलं. सिस्टला हात लावायचा नाही.

पिशवीबद्दल ते जे म्हणाले होते त्याबद्दलही विचारलं. परळ_नाकाचा हिशोब दाखवला, बेचाळीस आणि अठ्ठावन्नचा. त्यांनी वही हातात घेऊन वाचला आणि म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. मी ते वाक्य तसं बोलायला नको होतं."

दोन गर्भ शिल्लक आहेत. काल रात्री बऱ्याच दिवसांनी सलग सहा तास झोपले.

समईवात

कल्चरचा रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे लागतात, उशीर झाला म्हणून घाबरू नकोस. तुझी तीन इंजेक्शनं होईपर्यंत येईल.

सव्वाआठची_लोकल

इंजेक्शनांत गरम वाफा येतील तेव्हा गर्दीची लोकल नको वाटते. लेडीज डब्यात दारापासून दुसरी खिडकी धर, आणि पर्समध्ये ओला रुमाल ठेव. उद्या घरी कोण आहे सोबत?

सोनटक्का

आई येतेय. सकाळी ६.४० ची मुलुंड फास्ट धरून दादर. रिपोर्ट आला की इथेच टाकते.